२००९ चा स्वाइन फ्लू: ज्यांच्यासाठी तो नवा नव्हता

२४ मार्च ते २९ एप्रिल २००९ या पाच आठवड्यांत मेक्सिकोमध्ये तीव्र न्यूमोनियाच्या २,१५५ रुग्णांची नोंद झाली. त्यातले १०० दगावले. साथरोगतज्ज्ञांना या आकड्यापेक्षा जास्त खटकली ती रुग्णांची वयं. मृतांपैकी ८७ टक्के आणि तीव्र न्यूमोनिया झालेल्यांपैकी ७१ टक्के लोक ५ ते ५९ या वयोगटातले होते. आधीच्या वर्षांत याच वयोगटाचा वाटा अनुक्रमे सरासरी १७ आणि ३२ टक्के असे. नेहमीचा हंगामी फ्लू प्रामुख्याने म्हाताऱ्यांचे बळी घेतो. इथे तक्ता उलटा झाला होता.

त्यातून दोन प्रश्न उभे राहिले. तरुण माणसं का मरत आहेत, हा प्रश्न सगळ्यांनीच विचारला. म्हातारी माणसं का वाचत आहेत, हा त्या मानाने कमी जणांना सुचला. हे प्रकरण या दुसऱ्या प्रश्नाचं आहे. प्राण्यांमधून आलेल्या फ्लूच्या विषाणूला माणसाचं शरीर कसं तोंड देतं, हे त्याच्या उत्तरातून जितकं स्वच्छ दिसलं, तितकं क्वचितच कधी दिसलं असेल. म्हणून मला तो जास्त मोलाचा वाटतो.

विषाणू कुठून आला

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, १५ आणि १७ एप्रिलला दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन आजारी मुलांच्या नमुन्यांत एकाच प्रकारचा, आधी कधीही न दिसलेला विषाणू ओळखला. दोन्ही मुलांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि दोघांपैकी कोणीही डुकरांच्या जवळ गेलं नव्हतं. विषाणू माणसाकडून माणसाकडे जाऊ लागला होता, हे एवढ्यावरूनच उघड झालं. २५ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि ११ जूनला जागतिक साथ.

फ्लूच्या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले, तर पत्ते पिसल्यासारखे हे तुकडे मिसळतात. नव्या विषाणूचे सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांमध्ये १९९८ च्या सुमारापासून फिरणाऱ्या एका मिश्र विषाणूचे होते, ज्यात आधीच माणूस, पक्षी आणि डुक्कर अशा तिघांच्या विषाणूंची सरमिसळ झालेली होती. उरलेले दोन युरोप आणि आशियातल्या डुकरांमधून आले होते. अशा प्रकारची जुळणी त्याआधी कोणी पाहिलेली नव्हती. जनुकांचा तक्ता समोर ठेवला तर हा विषाणू शंभर टक्के नवा होता.

पण शरीराची प्रतिकारयंत्रणा जनुकांचा तक्ता वाचत नाही. तिला दिसतं ते विषाणूचं बाहेरचं रूप, आणि त्यातही मुख्यतः हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन. याच प्रथिनाच्या आधाराने विषाणू पेशीला चिकटतो, आणि बहुतेक प्रभावी अँटिबॉडी त्याच्याच टोकावर बसतात. २००९ च्या विषाणूचं हिमॅग्लुटिनिन डुकरांमधल्या ज्या जुन्या घराण्याचं होतं, त्याचं मूळ १९१८ पर्यंत, म्हणजे स्पॅनिश फ्लूच्या महासाथीपर्यंत जातं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सारं उलगडतं.

साधं स्पष्टीकरण आधी तपासू

म्हातारी माणसं शाळेत जात नाहीत, गर्दीत कमी मिसळतात, म्हणून त्यांच्यापर्यंत विषाणू पोचलाच नसेल, असं एक सोपं स्पष्टीकरण होतं. त्यात काही अंशी तथ्य आहे, कारण साथीची सुरुवात शाळकरी मुलांत होते. पण हंगामी फ्लूही शाळांतूनच पसरतो आणि शेवटी आजी-आजोबांना गाठतो. २००९ मध्ये तो तिथवर पोचूनही बहुतेकांना शिवला नाही. म्हणजे कारण वागण्यात नसून रक्तात शोधायला हवं होतं.

रक्त उपलब्ध होतं. आधीच्या लस-चाचण्यांसाठी घेतलेले सीरमचे, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरणाऱ्या द्रवाचे नमुने प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत जपून ठेवलेले होते, आणि ते सगळे साथीच्या आधीचे होते. त्यांत नव्या विषाणूविरुद्ध काही सापडलं, तर ते नव्या संसर्गाने आलेलं असणं शक्यच नव्हतं. पद्धत साधी आहे. सीरम पातळ करत जायचं, प्रत्येक पायरीवर त्यात विषाणू मिसळायचा आणि ते मिश्रण जिवंत पेशींवर सोडायचं. किती पातळ केल्यावरही पेशी वाचतात, यावरून अँटिबॉडीचा जोर कळतो.

मे २००९ मध्ये सीडीसीने पहिले निष्कर्ष दिले. मुलांच्या सीरममध्ये नव्या विषाणूला रोखणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या नाहीत. १८ ते ६४ वयाच्या प्रौढांत त्या ६ ते ९ टक्के लोकांकडे होत्या. साठीच्या पुढच्या मात्र ३३ टक्के लोकांकडे होत्या. काही महिन्यांनी आलेल्या सविस्तर अभ्यासात वयाऐवजी जन्मसालाने मांडणी केली, तेव्हा रेघ अधिक ठळक झाली: १९५० च्या आधी जन्मलेल्यांपैकी ३४ टक्के लोकांच्या अँटिबॉडीचा जोर चांगला होता, तर १९८० नंतर जन्मलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के लोकांकडे त्याहून निम्म्या जोराच्या अँटिबॉडी होत्या.

त्या अभ्यासातली दुसरी नोंदही तितकीच बोलकी आहे. हंगामी फ्लूची लस घेतल्याने मुलांमध्ये नव्या विषाणूविरुद्ध काहीच तयार झालं नाही, मोठ्यांतही फारसं नाही. खरं तर हंगामी लशीत एच१एन१ (नावातला ‘एच’ हिमॅग्लुटिनिनचा प्रकार सांगतो) होता आणि नवा विषाणूही एच१एन१च होता. नाव एकच, पण चेहरा ओळखू न येण्याइतका बदललेला.

डुकरांमध्ये थांबलेला काळ

इथून प्रकरण मागे, १९३० मध्ये जातं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या आजारी डुकरांमधून रिचर्ड शोप यांनी फ्लूचा विषाणू वेगळा काढला आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. माणसाच्या फ्लूचा विषाणू तोवर कोणाच्या हाती लागला नव्हता. तो १९३३ मध्ये लंडनमध्ये सापडला. त्यानंतर १९३६ मध्ये शोप यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांचं सीरम डुकरांच्या विषाणूवर तपासून पाहिलं. मोठ्या माणसांचं सीरम तो विषाणू निष्प्रभ करत होतं. साधारण बारा वर्षांच्या आतल्या मुलांचं सीरम क्वचितच तसं करे. डुकरांशी संबंध येण्याचा इथे प्रश्न नव्हता. ज्या गोष्टीला मोठी माणसं सामोरी गेली होती आणि मुलं गेली नव्हती, ती म्हणजे १९१८ ची महासाथ. डुकरांमधला विषाणू हा त्या साथीच्याच विषाणूचा वंशज असावा, हा तर्क त्यातून पुढे आला. तो बरोबर होता, हे जनुकांच्या अभ्यासाने अनेक दशकांनी दाखवलं.

१९३६ चा तो तक्ता आणि २००९ चा तक्ता शेजारी ठेवले की मला दर वेळी थक्क व्हायला होतं. मधे त्र्याहत्तर वर्षं गेली, प्रयोगशाळेची साधनं पार बदलली, तरी आकृती तीच: मोठ्यांच्या रक्तात ओळख, मुलांच्या रक्तात कोरेपणा. फक्त रेघ बाराव्या वर्षावरून साठीवर सरकली.

१९१८ मध्ये तो विषाणू माणसांत आणि डुकरांत, असा दोन्हीकडे स्थिरावला आणि तिथून दोन वाटा फुटल्या. माणूस सत्तर-ऐंशी वर्षं जगतो आणि फ्लू त्याला पुन्हा पुन्हा भेटतो. समाजात अँटिबॉडी बाळगणारी माणसं भरपूर असल्यामुळे विषाणूला टिकायचं तर रूप बदलतच राहावं लागतं. मांसासाठी पाळलेलं डुक्कर सहसा सहा-सात महिन्यांचं झालं की कापलं जातं. कळपात सतत नवी, कोरी पिल्लं येत असतात, आणि अशा कळपात विषाणूला रूप बदलण्याची निकड नसते. त्यामुळे माणसांतला एच१एन१ दशकागणिक पालटत गेला आणि डुकरांतला मात्र दीर्घकाळ आपल्या पूर्वजाच्या चेहऱ्याजवळच राहिला. डुकरांच्या कळपांनी १९१८ ची एक प्रत जवळजवळ जशीच्या तशी सांभाळली, असं म्हणायला हरकत नाही.

माणसांतल्या विषाणूने आणखी एक युक्ती साधली. हिमॅग्लुटिनिनच्या टोकावर त्याने साखरेच्या रेणूंचे झुबके चढवले. हे रेणू आपल्याच पेशी बनवतात, त्यामुळे प्रतिकारयंत्रणेला ते परके वाटत नाहीत आणि त्यांच्याखालची जागा झाकली जाते. १९१८ च्या विषाणूच्या टोकावर असे झुबके नव्हते. २००९ च्या विषाणूच्याही नव्हते. मधल्या काळातल्या हंगामी एच१एन१ वर होते. १९१८ नंतरच्या पहिल्या काही दशकांत, म्हणजे विषाणूने हा बुरखा पुरता घेण्याआधी, ज्यांना पहिला फ्लू झाला, त्यांच्या शरीराने उघडा चेहरा पाहिला होता. १९४७ पर्यंत मानवी एच१एन१ इतका बदलला होता की त्या वर्षी तोवरची लस निरुपयोगी ठरली. १९५० च्या आसपासची ती रेघ कुठून आली, हे यावरून समजतं. १९५७ मध्ये एच२एन२ आला आणि एच१एन१ माणसांतून नाहीसा झाला. १९७७ मध्ये तो परतला, पण १९५० च्या सुमाराच्या, बुरखा घेतलेल्या रूपात.

नव्वद वर्षांची आठवण

अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची आठवण किती टिकते? याचं उत्तर योगायोगाने साथीच्या आदल्याच वर्षी मिळालं होतं. २००८ मध्ये १९१८ च्या साथीतून वाचलेल्या ३२ जणांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची वयं ९१ ते १०१ होती. १९१८ च्या विषाणूचं हिमॅग्लुटिनिन प्रयोगशाळेत पुन्हा तयार करून ते या रक्तावर तपासलं, तेव्हा सगळ्यांच्या रक्तात त्याची ओळख सापडली. काही जणांच्या रक्तात तर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकणाऱ्या स्मृतिपेशीही अजून फिरत होत्या. नव्वद वर्षांपूर्वी लहानपणी एकदा भेटलेल्या विषाणूची आठवण शरीराने आयुष्यभर जपली होती.

त्या पेशींपासून मिळालेली २डी१ नावाची एक अँटिबॉडी पुढे फार महत्त्वाची ठरली. ती १९१८ च्या विषाणूला रोखते आणि २००९ च्यालाही रोखते. २०१० मध्ये स्फटिकरचनेच्या अभ्यासातून कारण दिसलं: अँटिबॉडी जिथे बसते तो भाग दोन्ही विषाणूंत जवळजवळ सारखा आहे. शोप यांनी १९३० च्या दशकात सीरमवरून जे ताडलं होतं, त्याचं चित्र आता अणूंच्या पातळीवर समोर होतं.

याला एका जुन्या, वादग्रस्त मोहिमेनेही दुजोरा दिला. १९७६ मध्ये न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स लष्करी तळावर डुकरांचा एच१एन१ सैनिकांत पसरला. दोनशेहून अधिक सैनिकांना संसर्ग झाला आणि एकाचा मृत्यू झाला. १९१८ ची पुनरावृत्ती होईल या भीतीने अमेरिकेने देशभर लसीकरण सुरू केलं आणि ४ कोटींहून अधिक लोकांना लस टोचली. विषाणू त्या तळाबाहेर पसरलाच नाही. लशीमुळे मात्र साधारण दर लाख लोकांमागे एकाला गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार जडला आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. ती मोहीम सार्वजनिक आरोग्यातली मोठी चूक म्हणून आजही सांगितली जाते. पण तिच्यातल्या लसवंतांचं जपून ठेवलेलं सीरम २००९ मध्ये तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत नव्या विषाणूविरुद्ध जोरकस अँटिबॉडी दिसल्या. डुकराच्या विषाणूशी गाठ पडली की माणसाचं शरीर त्याची ओळख ठेवतं, मग गाठ संसर्गाने पडो की लशीने.

जे चाचणीत दिसत नव्हतं

आतापर्यंतची गोष्ट अँटिबॉडींची झाली. त्या जोरावर साठीपुढच्या एक तृतीयांश लोकांचं संरक्षण समजतं. बाकीच्यांचं काय? आणि ज्यांच्याकडे अँटिबॉडी जवळजवळ नव्हत्याच, त्या कोट्यवधी तरुणांपैकी बहुतेकांना साधा ताप-खोकला होऊन तो बरा झाला, हे कसं?

पहिला दुवा लशीच्या चाचण्यांतून मिळाला. फ्लूची लस अगदी अनोळखी विषाणूविरुद्ध असेल, तर प्रौढांनाही दोन डोस लागतात, हे ठाऊक होतं. बर्ड फ्लूच्या एच५एन१ विरुद्धच्या लशीचे तर प्रत्येकी ९० मायक्रोग्रॅमचे दोन डोस देऊनही साधारण निम्म्या लोकांतच पुरेशी अँटिबॉडी तयार झाली होती. २००९ च्या लशीबद्दलही तीच भीती होती. ऑस्ट्रेलियात २४० प्रौढांवर चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना १५ मायक्रोग्रॅमचा एकच डोस दिला, आणि तीन आठवड्यांत त्यांतल्या सुमारे ९५ टक्के लोकांत पुरेशी अँटिबॉडी उभी राहिली. कोऱ्या पाटीवर इतक्या वेगाने अक्षर उमटत नाही. चाचणीच्या आधी रक्तात अँटिबॉडी दिसत नसली, तरी जुन्या एच१एन१ शी झालेल्या भेटींची आठवण स्मृतिपेशींत होती आणि एका डोसने ती जागी झाली. लहान मुलांना मात्र दोन डोस द्यावे लागले. त्यांच्याकडे जागं करण्यासारखं फार काही नव्हतं.

मला हा या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो. सीरमच्या चाचणीत ‘अँटिबॉडी नाही’ असं आलं, की आपण त्याचा अर्थ ‘प्रतिकारशक्ती नाही’ असा लावतो. या दोन गोष्टी एक नाहीत.

दुसरा दुवा टी पेशींचा. अँटिबॉडी विषाणूला पेशीत शिरण्याआधी अडवतात. टी पेशी संसर्ग झालेली पेशी ओळखून ती नष्ट करतात, आणि ती ओळख त्यांना विषाणूच्या आतल्या प्रथिनांच्या तुकड्यांवरून पटते. बाहेरचं रूप भराभर बदलतं, आतली प्रथिनं मात्र फारशी बदलत नाहीत, मग विषाणू डुकराचा असो, पक्ष्याचा असो की माणसाचा. हंगामी विषाणूंमधल्या ज्या खुणा मारक टी पेशी ओळखतात, त्यांपैकी सुमारे ६९ टक्के खुणा २००९ च्या विषाणूतही तशाच होत्या, असं त्याच वर्षीच्या एका विश्लेषणात दिसलं. पृष्ठभागावरच्या दोन प्रथिनांवरच्या, अँटिबॉडींना ओळखू येणाऱ्या खुणांपैकी मात्र जेमतेम १७ टक्के टिकून होत्या.

याची प्रत्यक्ष परीक्षा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये झाली. तिथल्या ३४२ विद्यार्थी-कर्मचाऱ्यांचं रक्त साथीच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवलं आणि मग साथीच्या दोन लाटांत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांच्याकडे अँटिबॉडी नव्हत्या, पण आतल्या प्रथिनांना ओळखणाऱ्या मारक टी पेशी जास्त होत्या, त्यांना संसर्ग झाला तरी लक्षणं सौम्य राहिली. टी पेशी संसर्ग थोपवत नाहीत, पण आजाराला धार येऊ देत नाहीत. रुग्णसंख्या मोजणाऱ्याला ही ढाल दिसत नाही. अतिदक्षता विभागात ती दिसते.

ओळख अर्धवट असली तर

मधल्या वयाच्या प्रौढांचं चित्र गुंतागुंतीचं आहे. २००९ मध्ये गंभीर झालेल्यांत आणि मेलेल्यांत या वयाची माणसं बरीच होती. गरोदरपण, स्थूलता, दमा, मधुमेह ही कारणं त्यामागे होतीच, आणि सगळा दोष प्रतिकारशक्तीच्या माथी मारणं चूक ठरेल. पण २०११ मध्ये एक अस्वस्थ करणारा पुरावा पुढे आला. दगावलेल्या काही मध्यमवयीन रुग्णांच्या रक्तात अँटिबॉडी होत्या. त्या विषाणूला चिकटत होत्या, मात्र सैलसर. त्यांनी विषाणू निष्प्रभ झाला नाही. उलट अँटिबॉडी आणि विषाणूच्या प्रथिनांची जाळी फुप्फुसांत साचली आणि तिथे दाह भडकला. १९५७ च्या साथीतल्या, जतन करून ठेवलेल्या फुप्फुसाच्या नमुन्यातही तशाच खुणा दिसल्या. हंगामी फ्लूशी अनेकदा झालेल्या भेटींतून मिळालेली ओळख, नव्या विषाणूसाठी अपुरी पण यंत्रणेला चेतवण्याइतकी पुरेशी, अशी ती अवस्था होती.

लहानपणीची पहिली ओळख पुढच्या सगळ्या प्रतिसादांना आपल्या साच्यात बसवते, हे अमेरिकन विषाणुशास्त्रज्ञ थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्येच मांडलं होतं. त्याला त्यांनी ‘मूळ पाप’ या अर्थाचं नाव दिलं. २००९ च्या म्हाताऱ्यांसाठी तेच पाप पुण्य ठरलं, म्हणून आता अनेक संशोधक त्याऐवजी ‘ठसा’ हा तटस्थ शब्द वापरतात. मलाही तोच योग्य वाटतो. ठसा आपल्या बाजूने काम करतो की विरुद्ध, हे समोर कोणता विषाणू येतो त्यावर ठरतं. २०१३-१४ च्या हंगामात त्याची दुसरी बाजू दिसली. २००९ च्या विषाणूत एका ठिकाणी छोटा बदल झाला. १९६५ ते १९७९ दरम्यान जन्मलेल्या बऱ्याच लोकांच्या अँटिबॉडी नेमक्या त्याच जागेवर रोखलेल्या होत्या, कारण १९७७ च्या सुमारास भेटलेल्या एच१एन१ ने त्यांना तीच जागा शिकवली होती. जागा बदलली आणि अँटिबॉडी हुकल्या. त्या हंगामात मध्यमवयीनांना फ्लूने नेहमीपेक्षा जास्त गाठलं.

निर्णय, आणि त्याचा चुकीचा अर्थ

सीरमचे निष्कर्ष हाती आले, तेव्हा लस अजून तयार व्हायची होती आणि सुरुवातीला ती पुरणार नाही हे दिसत होतं. २९ जुलै २००९ रोजी अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने प्राधान्यक्रम ठरवला: गरोदर स्त्रिया, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना सांभाळणारे, आरोग्य कर्मचारी, ६ महिने ते २४ वर्षं वयाचे सगळे आणि दीर्घ आजार असलेले २५ ते ६४ वयाचे प्रौढ. पासष्टीपुढचे लोक पहिल्या यादीत नव्हते. हंगामी फ्लूच्या लशीत दर वर्षी ज्यांना आग्रहाने पुढे बोलावलं जातं, त्यांनाच मागे थांबवणं सोपं नव्हतं. पुराव्याच्या बळावर समितीने ते केलं. माझ्या मते तो निर्णय धाडसी आणि बरोबर होता.

त्याचा लोकांनी लावलेला अर्थ मात्र अनेकदा चुकला. ‘म्हाताऱ्यांना या फ्लूची भीती नाही’ असं सर्रास बोललं जाऊ लागलं. कॅलिफोर्नियात रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या १,०८८ रुग्णांचा अभ्यास वेगळंच सांगत होता. त्यांचं मध्यम वय २७ होतं आणि एकूण ११ टक्के रुग्ण मरण पावले. पन्नाशीपुढच्या रुग्णांत मात्र मृत्यूचं प्रमाण १८ ते २० टक्के होतं. म्हणजे वय वाढलेल्यांना संसर्ग कमी झाला, पण झाला आणि रुग्णालयापर्यंत वेळ आली, तर धोका सर्वांत जास्त त्यांनाच होता. लोकसंख्येला मिळालेलं संरक्षण वेगळं आणि खाटेवरच्या एका माणसाचा धोका वेगळा. आजोबांच्या तापाकडे दुर्लक्ष करायला सरासरी हे कारण होऊ शकत नाही.

१० ऑगस्ट २०१० रोजी साथ संपल्याचं जाहीर झालं. २०१२ च्या एका जागतिक अंदाजानुसार पहिल्या वर्षात १,५१,७०० ते ५,७५,४०० लोक या विषाणूने दगावले, आणि त्यांतले सुमारे ८० टक्के पासष्टीच्या आतले होते. त्याआधीचा हंगामी एच१एन१ माणसांतून नाहीसा झाला आणि २००९ च्या विषाणूने त्याची जागा घेतली. आज जन्मणाऱ्या मुलांसाठी तो प्राण्यांकडून आलेला पाहुणा नसून हंगामी फ्लू आहे.

हीच रेघ पक्ष्यांच्या विषाणूंत

एच५एन१ आणि एच७एन९ हे पक्ष्यांचे दोन विषाणू माणसाला क्वचित होतात, पण झाले तर जीवघेणे ठरू शकतात. एच५एन१ चे गंभीर रुग्ण प्रामुख्याने तरुण आणि एच७एन९ चे प्रामुख्याने वयस्क, हे कोडं बरीच वर्षं होतं. कोण कोंबड्या पाळतं, कोण बाजारात जातं यावरून ते पुरतं सुटत नव्हतं. २०१६ मध्ये रुग्णांची जन्मसालं मांडून पाहिली, तेव्हा रेघ १९६८ वर पडली. त्या वर्षी एच३एन२ ची जागतिक साथ आली होती. त्याआधी जन्मलेल्यांचा पहिला फ्लू एच१ किंवा एच२ चा, आणि हिमॅग्लुटिनिनच्या वंशावळीत हे दोन्ही एच५ चे भाऊबंद आहेत. त्यानंतर जन्मलेल्यांपैकी अनेकांचा पहिला फ्लू एच३ चा, आणि एच३ हा एच७ च्या शाखेतला. टोक कितीही वेगळं असलं तरी एका शाखेतल्या विषाणूंच्या हिमॅग्लुटिनिनचा देठ, म्हणजे टोकाखालचा भाग, बराच सारखा असतो, आणि ओळख तिथे पटते. पहिला फ्लू त्याच शाखेतला असला, तर गंभीर आजारापासून सुमारे ७५ टक्के आणि मृत्यूपासून सुमारे ८० टक्के संरक्षण मिळतं, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. २००९ च्या म्हाताऱ्यांना वाचवणारी ओळख टोकाची, नेमकी होती. ही देठाची, ढोबळ ओळख आहे. ती संसर्ग अडवत नाही, जीव वाचवते.

डुकरांमधली जपणूकही एकाच विषाणूपुरती नव्हती. १९९० च्या दशकात माणसांतला एच३एन२ अमेरिकेतल्या डुकरांमध्ये गेला आणि तिथे राहिला. माणसांत तो पुढे बदलत गेला, कळपांत मात्र त्या मानाने जुनाच राहिला. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कृषी जत्रांमध्ये डुकरांना हात लावणाऱ्या तीनशेहून अधिक लोकांना तो झाला. त्यांतले दहापैकी नऊ अठराच्या आतले होते. सीरम तपासलं, तेव्हा दहा वर्षांखालच्या मुलांत त्याविरुद्ध अँटिबॉडी जवळपास नव्हत्या. किशोरवयीन आणि तरुणांपैकी बऱ्याच जणांत होत्या. २००९ मध्ये ओळख असलेले लोक साठीपुढचे होते. इथे विशीतल्या माणसांकडेही ती होती, कारण त्या विषाणूचा पूर्वज त्यांना लहानपणी, शाळेत, माणसांकडूनच लागला होता.